जंगलातल्या जिप्सीचा सायलेन्सर

माझ्या गॅरेजमध्ये जिप्सीचा सायलेन्सर बदलायला दोन तऱ्हेची माणसं येतात. एकांना आवाज हवा असतो, दुसऱ्यांना तो नको असतो. पहिली बहुतेक नागपूरकडची तरुण मुलं. मिलिटरी डिस्पोजलमधली किंवा कुणाच्या वाड्यात पडून राहिलेली जिप्सी घ्यायची, रुंद टायर चढवायचे आणि रविवारी नाल्याखोऱ्यांत घालायची, हा त्यांचा छंद. दुसरे म्हणजे ताडोब्याच्या मोहर्ली, आगरझरी, जुनोना या गेटांवर सफारीच्या गाड्या चालवणारे. गॅरेज चंद्रपुरात, त्यामुळे माझं पोट या दुसऱ्यांवर. पण आत येताना दोघंही एकच वाक्य बोलतात, "मिस्त्री, एक चांगला सायलेन्सर सांगा."

चांगला सायलेन्सर म्हणून काही वेगळी वस्तू नसते. गाडी सकाळी किती वाजता उठते, कुठे उभी राहते, कोणत्या वेगाने जाते, किती वेळा बंद-चालू होते, हे विचारल्याशिवाय मी डब्याकडे, म्हणजे सायलेन्सरकडे, वळत नाही. गाडीचा दिवस कळला की निम्मं काम झालं.

जिप्सी आपल्याकडे १९८५ च्या अखेरीस आली. तेव्हाची ९७० सीसीची, कार्ब्युरेटरवाली. १९९६ मध्ये १३०० सीसीची किंग आली आणि २००० साली तिला सोळा व्हॉल्व्हचं, ८० हॉर्सपॉवरचं एमपीएफआय इंजिन मिळालं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या या शेवटच्या जातीच्या. २०१८-१९ च्या सुमारास ती साध्या गिऱ्हाइकासाठी बंद झाली, पण जंगलाच्या रस्त्यांवरून काही हटली नाही. कंपनीचा सायलेन्सर हाताशी असेल तर दुसरं काही शोधू नका, हे माझं पहिलं उत्तर असतं. तो प्रत्येक वेळी मिळत नाही आणि मिळेल तेव्हा गाडी थांबायला तयार नसते, म्हणून पुढचा सगळा खटाटोप.

सफारीच्या गाडीचा दिवस फार वेगळा. हिवाळ्यात अंधार असतानाच ती थंडगार इंजिनाने सुरू होते. रिसॉर्टवरून पाहुणे घेते, गेटवर रांगेत उभी राहते. आत शिरली की तीन-चार तास वीसच्या आसपास वेग. पाणवठ्यावर बंद, पुन्हा चालू. सांबराचा आवाज आला की बंद, पुन्हा चालू. नव्वदच्या वेगाने नागपूर गाठणाऱ्या गाडीचा सायलेन्सर जसा शेवटापर्यंत खरपूस तापतो, तसा हिचा कधी तापतच नाही. आणि न तापणं हाच सायलेन्सरचा सगळ्यात मोठा रोग.

पेट्रोलचा धूर होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पाणी होतं हे फार थोड्यांना. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिनातून ते वाफ होऊन निघतं. पाइप तापलेला असेल तर वाफेच्या रूपातच बाहेर पडतं. डबा थंड असेल तर आतच त्याचे थेंब होतात आणि तळाशी साचतात. धुरातल्या आम्लामुळे ते नुसतं पाणीही राहत नाही. म्हणून जंगलातल्या जिप्सीचा सायलेन्सर बाहेरून काळाभोर, धडधाकट दिसतो आणि आतून कुजलेला असतो.

नव्या पोरांना शिकवताना मी निकामी डबा ग्राइंडरने उभा कापून दाखवतो. वरचा अर्धा भाग पाहिला तर पत्र्यावर नुसती काजळी. खालच्या अर्ध्यात पत्रा वर्तमानपत्रासारखा पातळ, बोट लावलं तर आरपार. आतले पडदे खालून खाल्ले जाऊन सुटे झालेले. डबा हलवला की खुळखुळ वाजतो, ते हेच पडदे. कापताना एक गोष्ट मी मुद्दाम दाखवतो. कंपनीच्या डब्याला तळाशी, सगळ्यात खोलगट जागी, दोन-तीन मिलिमीटरचं एक छिद्र असतं. साचलेलं पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेलं. कित्येक ड्रायव्हर त्यातून थेंब गळताना पाहतात, सायलेन्सर फुटला समजतात आणि एम-सील लावून ते बुजवून टाकतात. बाजारातल्या डब्याला असं छिद्र आहे की नाही, हे मी पैसे देण्याआधी पाहतो. नसेल तर बसवताना पाडून घेतो. डबा थोडा तिरका, मागच्या बाजूला उतार देऊन बसवतो, म्हणजे पाणी थांबत नाही.

बाजारात काय काय मिळतं? सर्वात स्वस्त म्हणजे कंपनीच्या डब्याची नक्कल. आकार तोच, रंग तोच. हातात घेतल्यावर वजनावरून कळतं. पत्रा पातळ, आतला एखादा पडदा गायब, कडेची घडी नीट दाबलेली नाही. दुसरा प्रकार म्हणजे दुसऱ्या गाडीचा डबा. इस्टीम गाडीला याच घराण्यातलं १३०० सीसीचं इंजिन होतं, त्यामुळे तिचा डबा जिप्सीच्या श्वासाला जुळतो. त्याचे कान, पट्ट्या बदलून बसवणारे कारागीर आहेत. तिसरा प्रकार तरुण मुलांचा लाडका, फ्री-फ्लो. आत सरळ नळी, तिला भोकंच भोकं आणि तिच्याभोवती ग्लासवूल किंवा स्टीलवूल. चौथा म्हणजे आमच्यासारख्याने पत्रा वळवून, पडदे घालून बनवलेला.

निवड करताना या चारांची किंमत मी शेवटी विचारात घेतो. आधी आवाजाचं गणित. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. जंगलात जिप्सी दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या वेगाने चालली की इंजिन मिनिटाला सोळाशेच्या आसपास फिरतं. म्हणजे सेकंदाला पन्नासच्या वर ठोके. हा खर्जातला आवाज. हवेत त्याची लाट सहा-सात मीटर लांब असते, तापलेल्या धुरात आणखी लांब. अशी लाट दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या ग्लासवूलला जुमानत नाही. ग्लासवूल वरच्या पट्टीतला आवाज गिळतं, फुत्कार, शिट्टी, कर्कशपणा गिळतं. खर्ज तसाच बाहेर येतो. आणि जंगलात दूरवर जातो तो खर्जच; पानं, गवत, झुडपं त्याला अडवत नाहीत.

खर्ज मारायला मोठी पोकळी आणि पडदे लागतात. अरुंद नळीतून धूर एकदम मोठ्या खोलीत आला की लाटेचा काही भाग मागे परततो, मागून येणाऱ्या लाटेवर आदळतो आणि दोघी एकमेकींना जिरवतात. त्यासाठी डब्याला पोट हवं. माझा ढोबळ हिशेब असा की इंजिनाच्या सीसीच्या आठ पट तरी जागा डब्यात असावी. १.३ लिटरच्या इंजिनाला साडेदहा लिटर. ४५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १२ उंच असा लंबगोल डबा घेतला तर बरोबर तेवढी जागा होते. गिऱ्हाइकासमोर टेप लावून हा गुणाकार मी कागदावर करून दाखवतो. देखणा, मनगटाएवढा गोल डबा घेऊन आलेला माणूस तो कागद पाहून जरा विचारात पडतो.

सरळ नळीच्या डब्याने गाडी 'मोकळी' होते, असं सगळेच म्हणतात. साडेपाच-सहा हजार फेऱ्यांवर पळवायची असेल तर त्यात तथ्य आहे. सोळाशे फेऱ्यांवर इंजिनाला बाहेर टाकायचा धूरच इतका कमी असतो की कंपनीचा डबा त्याला कुठे अडवत नाही. जिप्सी गुदमरते ती बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाने. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली मधाच्या पोळ्यासारखी जाळी फुटते, तिचे तुकडे वाहत जाऊन डब्यात अडकतात. म्हणून नवा डबा आणायच्या आधी मी व्हॅक्यूम गेज लावतो. आयडलवर काटा १७ ते २१ इंचांमध्ये स्थिर हवा. मग फेरे अडीच हजारांवर धरून ठेवायचे. काटा हळूहळू खाली सरकत गेला तर पुढे कुठेतरी वाट तुंबलेली आहे. ती वाट न उघडता नवा सायलेन्सर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. तसंच गळती. आयडलवर टेलपाइपच्या तोंडाशी जाड फडकं दाबून धरलं की जोडावरची सुरसुर लगेच ऐकू येते. मॅनिफोल्डजवळचं पॅकिंग गेलं असेल तर गाडी 'फटफट' बोलते आणि दोष मात्र डब्याला जातो. ज्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर आहे तिच्यात त्या गळतीतून बाहेरची हवा शिरते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि मालक ॲव्हरेज गेलं म्हणून रडतो.

धातूचा प्रश्न मला एका गाइडने शिकवला. मोहर्लीच्या एका मालकाने मोठ्या शहरातून चकचकीत ३०४ स्टेनलेसचा अख्खा सेट करून आणला होता. गंजणार नाही, जन्माचं काम झालं, म्हणून तो खूश. काही दिवसांनी त्याच्या गाडीवर जाणारा गाइडच माझ्याकडे आला. म्हणाला, "मिस्त्री, गाडी बंद केली का खालून टिक् टिक् वाजून राहते. आम्ही कॉल ऐकाले थांबतो न, तर हेच ऐकू येते." मी गाडी तापवून बंद केली आणि खाली जाऊन पडलो. पाइप थंड होताना आकसत होता, पट्ट्यांना, वरच्या पत्र्याच्या शील्डला घासत होता आणि प्रत्येक सुटकेला टिक् करत होता. लोखंड तापल्यावर जेवढं वाढतं, त्याच्या जवळपास दीडपट हे ३०४ वाढतं. मीटरभर पाइप ३०० अंशांनी तापला तर तो पाच मिलिमीटर लांब होतो. साधा पाइप साडेतीन-पावणेचार. आधी बसवणाऱ्याने तो पाइप जागोजाग घट्ट आवळला होता, त्याला वाढायला-आकसायला जागाच नव्हती. मी कडक पट्ट्या काढून रबरी हँगर लावले, शील्डच्या बोल्टखाली जाड वॉशर घातले, मध्ये जाळीचा लवचीक तुकडा जोडला. टिकटिक पुष्कळ कमी झाली. संपली नाही.

चितळ ओरडलं, वानर खोकलं, सांबराने 'ढांक' दिली, की गाइड हात वर करतो आणि ड्रायव्हर चावी फिरवतो. सफारीचं अर्धं शास्त्र त्या पुढच्या दोन मिनिटांत असतं. म्हणून सफारीच्या गाडीला बंद केल्यानंतरही शांत राहणारा सायलेन्सर लागतो. ही अट मी कोणत्याच कॅटलॉगमध्ये वाचलेली नाही. तेव्हापासून या गाड्यांना मी ४०९ जातीचं स्टेनलेस सुचवतो. त्याच्यावर चकाकी राहत नाही, वरून तांबूस डाग पडतात, पण ते आतल्या पाण्याला साध्या पत्र्यापेक्षा बरंच जास्त टिकतं आणि लोखंडाइतकंच वाढतं.

उन्हाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. चंद्रपूरचं ऊन ४५ च्या वर जातं, गवत कागदासारखं वाळतं. गाडीखालचा कन्व्हर्टर चारशे-पाचशे अंशांवर असतो. रस्त्याच्या कडेला, उभ्या गवतात गाडी लावली तर वणवा लागायला तेवढं पुरेसं आहे. म्हणून डबा आणि कन्व्हर्टर यांच्यावरचा पत्रा, म्हणजे शील्ड, मी कधीच काढू देत नाही. तो खडखडतो म्हणून कापून फेकणारे ड्रायव्हर बरेच. अमेरिकेत सरकारी जंगलात रस्ता सोडून चालणाऱ्या गाड्यांना ठिणगी अडवणारी जाळी लावण्याची सक्ती आहे. आपल्याकडे तसं काही नसलं तरी आतले पडदे शाबूत असलेला डबा ठिणगी बऱ्यापैकी अडवतो. सरळ नळी ती सरळ बाहेर सोडते.

शेवटचा मुद्दा टेलपाइपचा. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. उघडी जिप्सी चालताना तिच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि तो धूर पुन्हा आत ओढतो. मागच्या, उंच बाकावर बहुतेक लहान मुलं बसलेली असतात, तिथून सीन चांगला दिसतो म्हणून. टेलपाइप बॉडीच्या आतच संपला तर कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या नाकाशी. तोंड जमिनीकडे वळवलं तर लाल मुरमाची धूळ उडून मागच्या गाडीतल्या पाहुण्यांच्या तोंडात. म्हणून पाइप बॉडीच्या कडेपासून थोडा बाहेर आणि सरळ मागे. पाटे पूर्ण दबले की ॲक्सल वर कुठवर येतो, हे जॅक लावून तपासल्याशिवाय मी शेवटचा टाका मारत नाही. रिकाम्या गाडीवर छान बसलेला पाइप आठ माणसं बसल्यावर ॲक्सलवर आपटतो. प्रत्येक गाडीचं वळण सळईने मोजून ती सळई मी भिंतीला टांगून ठेवतो. पुढच्या वेळी गाडी न आणताही पाइप तयार होतो. ताडोब्याचा कोअर झोन १ जुलैपासून सप्टेंबरअखेर बंद असतो. त्या तीन महिन्यांत गॅरेजच्या दारात जिप्सींची रांग लागते, तेव्हा त्या सळया फार कामाला येतात.

आता त्या पहिल्या गिऱ्हाइकांचं. फायरिंग हवं, कॅट म्हणजे कन्व्हर्टर काढून टाका, डबा उडवून नुसता पाइप ठेवा, असं म्हणणाऱ्या मुलांना मी रागावत नाही. वय तसं असतं. त्यांच्यासमोर कायदा ठेवतो. सायलेन्सरशिवाय गाडी चालवायची नाही, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२० व्या नियमात लिहिलेलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचे निकष मोडणाऱ्याला पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्स तीन महिने जातं ते वेगळंच. बुलेटचे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो त्यांनी पाहिलेलेच असतात. कॅट काढून द्यायचं काम मी घेत नाही, हे सरळ सांगतो.

तरी त्यांचाही दिवस विचारतो. एकाला विचारलं, "आठवड्याचे सहा दिवस गाडी काय करते?" तो म्हणाला, ऑफिसला जातो. वर्धा रोडने, रोज. छप्पर कोणतं? पत्र्याचं हार्डटॉप. म्हटलं, बस आत. आमच्याकडे पडलेला एक सरळ नळीचा डबा तात्पुरता अडकवला आणि त्याला मूल रोडला एक चक्कर मारायला पाठवलं. बंद पत्र्याच्या टपात खर्ज घुमतो. उघड्या जिप्सीत जो आवाज वाऱ्यावर जातो, तोच हार्डटॉपमध्ये साठ-सत्तरच्या वेगाला कानात गच्च बसतो. पोरगा परत आला तो कानाच्या पाळ्या दाबत. शेवटी त्याने मोठ्या पोटाचा, पडद्यांचा डबा घेतला. पाइप मात्र थोडा रुंद करून मागितला, तेवढा दिला. भारदस्त बोलते गाडी आता, तक्रार करण्याजोगं काही नाही. मित्रांना काय सांगत असेल ते तोच जाणे.

डबा शांत झाला की गाडीतले बाकीचे आवाज वर येतात, हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावं लागतं. जिप्सीच्या ट्रान्सफर केसचा रडका सूर, टॅपेटची कटकट, सैल पडलेल्या फळक्याची खडखड, हे सगळं आधीपासून असतंच, सायलेन्सरखाली दबलेलं. दुसऱ्याच दिवशी फोन येतो, "भाऊ, काहीतरी बिघडलं." काही बिघडलेलं नसतं.

मागच्या हंगामात आगरझरी गेटवरच्या एका ताईंच्या गाडीचं काम केलं. त्या स्वतः गाइड, गाडी दिराची. ४०९ चा पाइप, मोठा डबा, रबरी हँगर, शील्ड जागच्या जागी, सगळं मनासारखं झालं. महिनाभराने त्या गॅरेजवरून जाताना थांबल्या. विचारलं, "ताई, कसा आहे सायलेन्सर?"

"सायलेन्सर एक नंबर," त्या म्हणाल्या. "गाडी चालू हाय का बंद, समजत नाही. पण भाऊ, आता मागं बसलेल्या पाहुण्यांचाच आवाज लय होऊन राहिला. त्यायच्यासाठी काही डबा-गिबा हाय का तुमच्याकडं?"